पहिली उडी : ट्रायथलॉनच्या इतिहासातील नवशिका



इतिहासाच्या व्यासपीठावर खेळाचा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. येथून आपण राज्यांचे उदयास्त ऐकतो, लढाया आणि तहनामे ऐकतो, संतांची व सुधारकांची चरित्रे ऐकतो. त्यातून मी निवडलेल्या खेळाचे वय उणेपुरे पन्नास वर्षांचे. एवढ्याशा काळाला इतिहास म्हणावयाचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच अस्थानी होणार नाही. परंतु तरुण इतिहासाचा एक मोठा लाभ असतो. जुन्या गोष्टींचे आरंभ दंतकथांच्या धुक्यात हरवलेले असतात. येथे मात्र आरंभीची तारीख, वेळ, अंतरे आणि माणसांची संख्या सारे हाताशी आहे. हा खेळ ज्यांनी जन्माला घातला ते किती धीट होते आणि किती बिचकलेले होते, हे आपणास स्वच्छ पाहता येते.

विषय सुचला तो माझ्या भाचीमुळे. तिशी ओलांडलेली, कचेरीत दिवसभर बसून काम करणारी मुलगी. एके संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "मामा, मी ट्रायथलॉनला नाव दिलंय." आधी पोहायचे, मग सायकल, मग धावणे, आणि हे सगळे एकापाठोपाठ, मध्ये घड्याळ न थांबवता. मी कौतुक केले. पण ती गप्पच. चहा संपल्यावर म्हणाली, "सायकल चालवीन, धावेनही. पण पाय टेकेनासे झाले की माझा श्वासच लागतो. अशा माणसाने तिथे जावं का हो?"

'अशा माणसाने तिथे जावे का?' हा प्रश्न लहान नाही. कुठल्याही कठीण गोष्टीच्या दारात उभा असलेला मनुष्य हेच विचारीत असतो. त्याला वाटते, आत गेलेले सगळे निर्भय असतील, भ्यालेला मी एकटाच. खेळाचे शास्त्र मला येत नाही; म्हणून उत्तरासाठी मी त्याचा इतिहास उघडला.

'ट्रायथलॉन' हा शब्द ग्रीक धातूंचा आहे. 'ट्राय' म्हणजे तीन. 'अ‍ॅथलॉन' म्हणजे स्पर्धेतले बक्षीस, आणि त्यावरून स्पर्धा. पण शब्द ग्रीक असला तरी खेळ ग्रीकांचा नव्हे. त्यांची पाच प्रकारांची स्पर्धा प्रसिद्ध आहे; ही तिघांची नाही. फ्रान्समध्ये १९२० च्या सुमारास धावणे, सायकल आणि पोहणे यांच्या एकत्रित शर्यती झाल्या होत्या. पण पुढे ती परंपरा विरळ झाली. आज जो खेळ जगभर चालतो त्याचा वंश आपणास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी, शोधावा लागतो.

तेथे डेव्हिड पेन नावाचे एक वकील होते. प्रौढांनीही मैदानावर उतरावे याविषयी त्यांना मोठी आस्था. १९७२ साली स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी मेजवानीऐवजी एक शर्यत ठेवली : आधी धावणे, मग पोहणे. पुढच्या वर्षी या शर्यतीत जॅक जॉनस्टोन नावाचा गृहस्थ आला. तो विद्यार्थीदशेत चांगला पोहणारा होता. पण मध्ये वर्षे गेली, अंग सुटले, आणि वजन उतरविण्यासाठी त्याने धावणे धरले होते. धावण्यात तो सामान्यच. पोहण्याचा भाग जरा अधिक असता तर आपला निभाव बरा लागला असता, असे त्याला वाटले. म्हणजे पाहा, या खेळाच्या मुळाशी उदात्त ध्येय वगैरे काही नव्हते. आपले जेथे थोडे चालते तेथे स्पर्धा व्हावी, एवढीच साधी इच्छा होती. सॅन डिएगो ट्रॅक क्लबकडे तो आपली कल्पना घेऊन गेला. क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनी सांगितले की डॉन शानाहान नावाच्या दुसऱ्या एका सभासदाच्या मनातही असेच काही विचित्र आहे, तुम्ही दोघे मिळून ठरवा. शानाहानच्या मनात सायकल होती. दोघांच्या दोन हौशी एकत्र आल्या आणि तीन प्रकारांची शर्यत तयार झाली.

तारीख होती २५ सप्टेंबर १९७४, बुधवार. कामाचा दिवस, म्हणून आरंभ संध्याकाळी पावणेसहाला. स्थळ मिशन बे, म्हणजे समुद्राचे आत शिरलेले शांत पाणी. प्रवेशफी एक डॉलर. सायकल ज्याची त्याने आणावयाची. आता अंतरे ऐका. धावणे एकंदर सहा मैल, पण तुकड्यातुकड्यांनी. त्यांपैकी सुमारे दोन मैल गवतावरून आणि वाळूवरून अनवाणी. सायकल पाच मैल. आणि पोहणे एकंदर ५०० वार, तेही सलग नव्हे. सर्वांत लांब टप्पा अवघा २५० वारांचा. बक्षिसांवर नाव कोरणाऱ्या कारागिराने विचारले, 'ट्रायथलॉन' कसे लिहावयाचे? शब्दकोशात तो शब्दच नव्हता. शर्यत होती, तिचे बक्षीसही होते; पण भाषेने अजून तिची नोंद घेतली नव्हती.

शर्यतीला ४६ जण आले. विजेता तासाच्या आत पोहोचला. पण सगळे काही तसे नव्हते. शेवटचे स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार पडला, आणि मोटारींचे दिवे पाण्याच्या दिशेने लावून त्यांना वाट दाखवावी लागली. माझ्या भाचीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मला याच संध्याकाळी सापडले. आलेल्यांपैकी पुष्कळांना नीट पोहता येत नव्हते. संयोजकांना हे ठाऊक होते. म्हणून जॉनस्टोनने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला लाटांवर खेळण्याच्या फळीवर बसवून पाण्यात ठेवले, कोणी गटांगळ्या खाऊ लागला तर आधार द्यावयास. जगातील एका मोठ्या खेळाची पहिली जीवरक्षक व्यवस्था म्हणजे एक शाळकरी मुलगा आणि एक फळी! आज आपण हसू, आणि अशी व्यवस्था पुरेशी होती असे कोणी म्हणणारही नाही. पण तिचा अर्थ ध्यानात घ्यावा. नवशिक्यांना हा खेळ पुढे कधीतरी दया म्हणून खुला झालेला नाही. त्याच्या पहिल्याच संध्याकाळी नवशिके पाण्यात होते, आणि ते भ्यालेले असणार हे गृहीत धरूनच आखणी झाली होती.

त्या ४६ जणांत अमेरिकी आरमारातील एक अधिकारी, जॉन कॉलिन्स, आपली पत्नी जूडी व मुले यांच्यासह आला होता. पुढे हे कुटुंब हवाई बेटांतील ओआहू येथे राहावयास गेले. १९७७ साली तेथील एका धावण्याच्या शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला : अधिक कणखर कोण, धावणारा की पोहणारा? कॉलिन्सने त्यात सायकलस्वारांची बाजू घातली. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू घेण्याची शक्ती विलक्षण आहे, असे त्याच्या वाचनात आले होते. मग त्यानेच तोडगा सुचविला. बेटावर तीन मोठ्या शर्यती होत्याच : वायकीकीचे २.४ मैलांचे समुद्रपोहणे, बेटाभोवतालची ११५ मैलांची सायकल शर्यत आणि होनोलूलूची २६.२ मैलांची मॅरेथॉन. सायकलीची शर्यत एरवी दोन दिवसांत व्हावयाची. तिच्यातले तीन मैल काढले की पहिलीचा शेवट दुसरीच्या आरंभाला आणि दुसरीचा तिसरीच्या आरंभाला जुळत होता. तिन्ही एकाच दिवशी करावयाच्या. जो पहिला येईल त्याला 'आयर्नमन', लोहपुरुष म्हणावयाचे.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ पोहोचले. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारजवळचे पाणी संपले तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला बिअर पाजली. काय प्यावे, किती खावे हे शास्त्र तेव्हा कोणालाच अवगत नव्हते. या अंतरात सगळेच नवशिके, कारण यापूर्वी ते कोणी केलेलेच नव्हते. स्वतः कॉलिन्स नववा आला. त्याला लागले १७ तास ० मिनिटे ३८ सेकंद. शेवटच्या माणसाला एकवीस तास लागले. पुढे या स्पर्धेला सतरा तासांची मर्यादा आली, आणि तीच रूढ झाली. हा नियम त्या दिवशी असता तर बारांपैकी चौघे बाद ठरले असते, आणि खेळाचा जनक अडतीस सेकंदांनी चुकला असता! पुढच्याच वर्षी, १९७९ साली, लिन लेमेअर ही पहिली स्त्री या शर्यतीत उतरली आणि सर्वांत मिळून पाचवी आली.

लोकांच्या डोळ्यांसमोर हा खेळ आला तो मात्र विजयामुळे नव्हे, पडण्यामुळे. फेब्रुवारी १९८२ मध्ये, स्पर्धा हवाईच्या मोठ्या बेटावर कैलुआ-कोना येथे गेली असताना, जूली मॉस नावाची २३ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या महाविद्यालयीन अभ्यासाचा प्रकल्प म्हणून तीत उतरली. विजेती होण्याच्या तयारीने ती आली नव्हती. पण धावता धावता ती स्त्रियांत सर्वांत पुढे निघाली. अंतिम रेषा अगदी जवळ आली असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मकार्टनी तिला ओलांडून जिंकून गेली. जूली मॉस गुडघ्यांवर रांगत, एकोणतीस सेकंदांनी मागून, रेषेपाशी पोहोचली. दूरचित्रवाणीवर हे दृश्य अमेरिकेने पाहिले, आणि पुढच्या काळात या खेळाकडे लोकांचा ओघ लागला. विजेत्यांची छायाचित्रे भिंतीवर लागतात. पण सामान्य माणसाला 'हे माझ्यासाठीही असू शकेल' असे वाटावयास लावले ते त्या रांगणाऱ्या मुलीने.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते थेट पाण्याच्या भीतीशी भिडणारे आहे. मॅसॅच्युसेट्समधील डिक हॉइट यांचा मुलगा रिक मेंदूच्या पक्षाघातामुळे जन्मापासून चालू-बोलू शकत नव्हता. १९७७ पासून हे वडील मुलाला चाकांच्या खुर्चीत बसवून, ती ढकलीत शर्यती धावू लागले. ट्रायथलॉनचा विषय निघाला तेव्हा वडिलांची अडचण साधी होती : त्यांना पोहता येत नव्हते, आणि सायकलीवर ते लहानपणानंतर बसले नव्हते. वयाच्या पंचेचाळिशीत ते पोहावयास शिकले. १९८५ साली त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली, मुलाला लहान होडीत बसवून, ती दोरीने आपल्या अंगाला बांधून, ओढीत. १९८९ साली हे दोघे हवाईची पूर्ण अंतराची स्पर्धाही पार करून आले. प्रौढपणी पोहणे शिकता येते काय, या प्रश्नावर याहून अधिक बोलण्याची गरज नाही.

पुढील इतिहास भरभर सांगतो. १९८९ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यो येथे आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे हे अंतर प्रमाण ठरले. २००० साली सिडनी येथे खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. प्रमाण अंतराच्या निम्मे असे 'स्प्रिंट' अंतरही रुळले. नवशिक्याचा प्रवेश बहुधा तेथूनच होतो.

येथवरची हकीकत ऐकून आपणास वाटेल की मी भाचीला 'भिऊ नकोस, उडी टाक' असे सांगितले असेल. तसे मी सांगितले नाही. कारण याच इतिहासाचे दुसरे पान काळे आहे. १९८५ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील स्पर्धांचा अभ्यास करून वैद्यांनी २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या अशा १३५ घटना त्यांना आढळल्या. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. ज्यांचा पूर्वानुभव कळू शकला अशा ६८ जणांपैकी २६ जणांची ती पहिलीच ट्रायथलॉन होती. पुष्कळांच्या हृदयात आधीपासून दोष होता, आणि तो त्यांना ठाऊक नसावा. एकंदर स्पर्धकांच्या मानाने हे प्रमाण लाखात दोनाहूनही कमी आहे, हे खरे. पण त्यातून एवढे ठरते की पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची भीती वेडगळ नव्हे. तिला काहीतरी कळत असते. तिची थट्टा करणारा मित्र हितकर्ता नसतो.

मग या भीतीचे करावयाचे काय? माझ्या मते या खेळाने पन्नास वर्षांत जे कमावले ते हेच : भीतीचे त्याने नियमांत रूपांतर केले. नवशिका ज्या नियमांना बिचकतो त्यांतील पुष्कळसे त्याच्याच रक्षणासाठी आहेत. १९७४ साली पोहणे शेवटाकडे होते आणि थकलेली माणसे अंधारात पाण्यात होती. आज पोहणे आरंभी असते, कारण दमलेल्या देहाला खोल पाण्यात उतरविणे धोक्याचे. पूर्वी सारा जमाव एकदम पाण्यात घुसे. २०१३ पासून आयर्नमनच्या संयोजकांनी काही स्पर्धांत थोडेथोडे स्पर्धक सोडण्याचे प्रयोग सुरू केले. वेळेची मर्यादा असते ती रस्ते आणि पाणी यांवरील पहारा कायम असेपर्यंतच सर्वांनी परतावे म्हणून. आणि सर्वांत सुंदर नियम हा : पोहणाऱ्याने हात वर केला तर मदत येते, तो होडीला धरून विसावू शकतो, आणि त्या आधाराने पुढे सरकला नाही तर तो बादही होत नाही. ज्या खेळाच्या नियमांत थांबून श्वास घेण्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे, तो केवळ निर्भय माणसांसाठी असूच शकत नाही.

तयारीचाही विचार याच अंगाने करावा. थंड पाण्यात शिरताच छाती आवळते, श्वास तुटक होतो. तो भित्रेपणा नव्हे, देहाचा धर्म आहे, आणि मिनिट-दोन मिनिटांत तो ओसरतो. तेवढा वेळ जोर न करता उताणे होऊन तरंगावे, तोंडाने सावकाश श्वास सोडावा, आणि मग निघावे. म्हणून नवशिक्याने आधी शिकावयाचे ते वेगाने पोहणे नव्हे, तरंगणे. तलावात तळाची रेषा वाट दाखविते. उघड्या पाण्यात ती नसते, तेव्हा मधूनमधून मान वर करून खूण पाहावी लागते. हा सराव स्पर्धेच्या आधीच, आणि एकट्याने कधीही न करता, व्हावयास हवा. वैद्याकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. आरंभी गर्दीच्या मध्ये न शिरता कडेला किंवा मागे राहावे. सायकल साधी चालेल; मिशन बेच्या शर्यतीलाही ज्याने त्याने आपापलीच आणली होती. मात्र ब्रेक चोख हवेत आणि शिरस्त्राण हवे. सायकलीवरून उतरून धावू लागले की पाय परके वाटतात. म्हणून आठवड्यातून एकदा सायकलीला लागूनच थोडे धावावे. या जोडसरावाला इंग्रजीत 'ब्रिक' म्हणतात. आपल्या भाषेत वीट येते ती कंटाळ्याने. या वीटेचा वीट येऊ दिला नाही, तरच शर्यतीच्या दिवशी पाय आपले राहतात.

आपल्याकडे हे सगळे परके आहे असेही मानू नये. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिक येथे पूर्ण आयर्नमन पार केली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमन झाली. पण त्याहून जुनी गोष्ट आपल्या विहिरींत आहे. माझ्या पिढीतील पुष्कळांनी पोहणे शिकले ते पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून. काका-मामा काठावर उभे असत. पोराला ढकलणारेही तेच आणि मागोमाग उडी घेणारेही तेच. 'पाण्यात पडले की पोहता येते' ही म्हण आपण अर्धीच लक्षात ठेवली आहे. पडणाऱ्याच्या पाठीला भोपळा होता आणि काठावर माणूस होता, हे तिच्यात सांगितलेले नाही. मिशन बेतली ती फळी आणि आमच्या विहिरीतला भोपळा यांत मला फार अंतर दिसत नाही.

आता भाचीचे काय झाले ते सांगून संपवितो. तिने त्या वर्षी नाव मागे घेतले. घरात काहींना ते पळपुटेपणाचे वाटले. मला वाटले नाही. १९७८ च्या त्या पंधरांतही तिघे शेवटपर्यंत पोहोचले नव्हते, म्हणून कोणी त्यांना इतिहासातून काढून टाकलेले नाही. ती एक संबंध हंगाम तरंगावयास शिकली, मग उघड्या पाण्यात सोबत घेऊन पोहली, आणि पुढच्या वर्षी लहान अंतराच्या शर्यतीत उतरली. मी काठावर होतो. मध्यावर गेल्यावर तिचा हात वर गेलेला मला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. होडी जवळ गेली. ती धरून राहिली, एक मिनिट असेल, कदाचित दोन. मग सोडून पुढे निघाली. आणखी एकदा असेच झाले. पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्यामागे फार थोडी माणसे उरली होती.

संध्याकाळी मी विचारले, "आता भीती गेली ना?" ती म्हणाली, "नाही मामा. पण आता ती केव्हा येते आणि किती वेळ थांबते, ते मला माहीत आहे."

माझे इतिहासाचे सारे वाचन मला याहून अधिक काही सांगू शकले नसते.